गणपूर्तीअभावी

माणसाच्या आयुष्याची खरी किंमत त्याने कोणते निर्णय घेतले यावरून ठरते, हे सुहासराव जोंधळे यांचे लाडके वाक्य होते. पश्चिम लंडनच्या बौद्ध मंडळाचे सचिव या नात्याने चोवीस वार्षिक सभांत ते म्हणून त्यांनी चोवीसही वेळा टाळ्या मिळवल्या होत्या. सध्या ते एका केअर सेंटरच्या कॉरिडॉरमध्ये पेयांच्या मशीनसमोर उभे होते आणि चहा घ्यावा की टोमॅटो सूप, हे त्यांना गेली अकरा मिनिटे ठरवता आलेले नव्हते. मागे एक वयस्कर इंग्रज बाई कुबडीवर रेलून उभी होती. "तुम्ही रांगेत आहात का हो?" असे तिने प्रेमाने विचारले. सुहासराव रांगेत होते. किंबहुना रांग त्यांच्यापासूनच सुरू होत होती. पण ते "सॉरी, सॉरी" म्हणत बाजूला झाले आणि हातचा नंबरही घालवून बसले.

"मामा, कुठे होता तुम्ही? मी सगळीकडे शोधली." दीक्षा जवळजवळ धावतच आली. दीक्षा ही त्यांची भाची. जन्म लंडनच्या हाउन्सलोचा, नोकरी कौन्सिलमध्ये, मराठी आईच्या धाकाने टिकलेली. "दोन वाजताची मीटिंग आहे. आई आत बसून आहे. आणि ती बॅग कुठे?"

ती बॅग म्हणजे चाकांची सुटकेस. तीत मंडळाच्या इतिवृत्ताची अकरा रजिस्टरे होती. सुहासरावांनी ती सकाळी दोन बस बदलून आणली होती. स्वतः तीस वर्षे लंडनची लाल बस चालवलेल्या माणसाला आज प्रवासी म्हणून एका जागी बसवत नव्हते. दोन्ही बसमध्ये ते उभेच होते, आणि दुसऱ्या ड्रायव्हरने वळण जरा उशिरा घेतले म्हणून मनातल्या मनात त्याच्याविरुद्ध तक्रारही लिहून झाली होती.

"दीक्षा, ही बॅग आत न्यायलाच हवी का?"

"ऑफ कोर्स! डॉक्टरने काय सांगितला? पप्पाचा इच्छा काय होता त्याचा एव्हिडन्स पायजे. पप्पाचे सगळे बोलणे तुमच्याकडेच लिहून आहे ना?"

"सगळे नाही," असे सुहासराव म्हणाले. पण ते इतके हळू म्हणाले की, ते रजिस्टरमध्ये नोंदवले जाण्याच्या लायकीचे नव्हते.

पप्पा म्हणजे भगवानराव शेजवळ. सुहासरावांच्या थोरल्या बहिणीचे, कांताबाईंचे यजमान; सुहासरावांचे दाजी. टपाल खात्यातून निवृत्त, वय त्र्याहत्तर, आणि मंडळाचे आजीव विरोधक. हे पद घटनेत नव्हते. ते त्यांनी स्वकष्टाने निर्माण केले होते. एप्रिलमध्ये जयंतीच्या आदल्या दिवशी भाड्याच्या हॉलमध्ये बॅनर लावून झाला. सगळे "छान, छान" म्हणाले. भगवानराव म्हणाले, "मंजूर नाही. डावीकडून इंचभर खाली आहे." आणि खुर्चीवर चढले. खुर्ची घडीची होती. तिची घडी झाली. डोके स्टेजच्या कडेवर आपटले आणि त्या दिवसापासून भगवानरावांनी कशालाही विरोध केलेला नव्हता.

त्याला आता सात महिने झाले होते. डोळे उघडायचे, मिटायचे. श्वास आपला आपण चालायचा. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसभर थेंब थेंब अन्न जायचे. मेंदूला झालेली इजा भरून येण्यासारखी नाही, हे डॉक्टरांनी तीनदा तपासून सांगितले होते. आता प्रश्न एवढाच होता की, ती नळी चालू ठेवायची की थांबवायची.

ऑक्टोबरातल्या पहिल्या मीटिंगला सुहासराव टाइप केलेला ठराव घेऊन गेले होते. 'उपचार चालू ठेवण्यात यावेत. सूचक : श्रीमती कांताबाई. अनुमोदक : श्री. सुहास जोंधळे.' खाली सह्या. डॉक्टर केलीबाईंनी तो दोनदा वाचला, आदराने फाइलला लावला आणि समजावून सांगितले की, या देशात हे मतदानाने होत नाही. तुम्हाला काय हवे ते मी विचारत नाहीये, मिस्टर जोंधळे. भगवानना बोलता आले असते तर ते काय म्हणाले असते, ते मला कळायला हवे. त्यावरून त्यांच्या हिताचे काय ते ठरेल. तुम्हा सगळ्यांचे एकमत झाले तर ठीक, नाहीतर कोर्ट.

"पण मॅडम, कोरम किती?" सुहासरावांनी विचारले होते. सवयीने.

"एकच," केलीबाई म्हणाल्या होत्या. "पण तो बोलू शकत नाही."

* * *

मीटिंगच्या खोलीत एक गोल टेबल, रुमालांचा खोका आणि कोमट रेडिएटर होता. कांताबाई कोट अंगातच ठेवून, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. कुणी उठवलेच तर तयारी असावी, अशा बेताने. सुहासराव आत आले, बसले, उठले, सुटकेस उघडली, परत बसले.

"अरे, एका जागी बूड टेकव की," कांताबाई म्हणाल्या. "लहानपणी पण असाच. जेवायला बसला की तीनदा उठायचा."

"आक्का, हीटर फार आहे."

"मग कोट काढ."

"तू पण काढ."

"माझं माझं बघते मी."

केलीबाई आल्या, सगळ्यांशी हात मिळवले आणि थेट विषयाला आल्या. भगवान कसे होते, ते आज मला सांगा, त्या म्हणाल्या.

दीक्षाने रजिस्टरे टेबलावर रचली. आठवडाभर मामा-भाचीने ती चाळून खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. सुहासराव वाचत होते, दीक्षा इंग्रजी करत होती. कागदी प्लेट्सना विरोध : भगवानराव शेजवळ. स्टीलच्या प्लेट्सना विरोध : भगवानराव शेजवळ. धम्मचक्र प्रवर्तनाच्या कार्यक्रमात सामोसे ठेवण्यास विरोध. पुढल्या वर्षी सामोसे न ठेवण्यास विरोध. प्रमुख वक्त्याच्या दोन तासांच्या भाषणाबद्दल आभार मानण्यास विरोध. आणि अकराव्या रजिस्टरच्या चाळिसाव्या पानावर : भगवानरावांच्या सत्तरीनिमित्त त्यांच्या अभिनंदनाचा ठराव; बाजूने तेवीस, विरोधात एक, भगवानराव शेजवळ.

केलीबाई इतक्या मोकळेपणी हसल्या की रुमालांच्या खोक्याची गरज त्यांनाच पडली. "मला हे गृहस्थ आवडले असते," त्या म्हणाल्या.

"त्यांना तुम्ही आवडला नसता," कांताबाई म्हणाल्या. दीक्षाने हे भाषांतर केले नाही. पण कांताबाईंचे इंग्रजी चाळीस वर्षांचे होते. त्यांनी ते स्वतःच करून टाकले. मग पर्स घट्ट धरून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला पाहिजे होतं ना, हा माणूस कसा आहे? असा आहे. आयुष्यात एक ठराव त्यानं बिनविरोध होऊ दिला नाही. मरायचा ठराव बिनविरोध होऊ देईल? मी त्रिसरण म्हणते तेव्हा त्यांचा अंगठा हलतो. उजवा. विरोध नोंदवतात ते."

केलीबाई अंगठ्याबद्दल हळुवारपणे बोलल्या. ते स्नायूंचे आपोआप होणारे चलन आहे. आम्ही आठवडेच्या आठवडे वेगवेगळ्या वेळी पाहिले. तुम्ही काही म्हटले नाहीत तरी तो हलतो.

"तुम्ही त्यांना सभेत बघितलं नाही," कांताबाई म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

"आई, पण पप्पा हे असा राहायला मागेल का?" दीक्षा म्हणाली. "दोन-दोन माणसं उचलून कूस बदलतात. पप्पाला शर्टची बटन कुणी लावलेला पण चालत नव्हता."

"मग काय करू? उपाशी ठेवू? मी?" कांताबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं? चाळीस वर्षं ज्याला गरम पोळी वाढली त्याला?"

दीक्षाने रुमालांचा खोका आईपुढे सरकवला.

सुहासराव उठून खिडकीपाशी गेले. खिडकी उघडली. गार वारा आला, म्हणून मिटली. बाहेर पार्किंगमध्ये एक व्हॅन अंग चोरत मागे येत होती आणि ती चुकीचे वळवते आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होते. तिच्या ड्रायव्हरला जाऊन सांगावे, असे त्यांना फार वाटले. या क्षणी त्यांना कुणालाही काहीही सांगायला आवडले असते. फक्त जे सांगायचे होते ते सोडून.

दहाव्या रजिस्टरमध्ये एक पान होते. त्याला दीक्षाने खूण लावली नव्हती, कारण त्यावर एका ओळीखेरीज काहीच नव्हते. सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला रविवार. 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' खाली सचिवाची सही.

त्या रविवारी बर्फ पडला होता. ट्रेन बंद, बस अर्ध्या बंद. गणपूर्तीला सात सभासद लागायचे, हॉलवर दोन आले. सुहासराव, कारण किल्ली त्यांच्याकडे. भगवानराव, कारण सभा न होण्यालाही कुणीतरी विरोध करायला हवा. घटनेप्रमाणे अर्धा तास थांबायचे, म्हणून दोघे कोट घालून, कान लाल करून अर्धा तास थांबले. थर्मासमधला चहा पिताना भगवानराव अचानक लेस्टरच्या अजाबरावांबद्दल बोलू लागले. आदल्या दिवशी ते त्यांना भेटून आले होते. अजाबराव दोन वर्षे पलंगावर होते. पोटात नळी. कुणी आले-गेले कळत नव्हते.

"त्याचा चेहराच ओळखू येईना रे," भगवानराव म्हणाले होते. "मी त्याच्याशी तासभर भांडलो. मुद्दाम भांडलो. तो उठेल म्हणून." मग चहाचा कप खाली ठेवला. आणि मग नेहमीच्या सभेतल्या आवाजात, उजवा हात वर करून : "माझं असं झालं तर मला असं ठेवू नका. नळीनं जगणं मला मंजूर नाही. नोंद घ्या."

आणि सुहासराव, बर्फात वाट पाहून वैतागलेले, अठरा वर्षांच्या सचिवकीचा पूर्ण भार आवाजात आणून म्हणाले होते, "दाजी, गणपूर्ती नाही. सभाच नाही, तर नोंद कशाची घेऊ?"

भगवानरावांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे." आणि हसले. दोघेही हसले. मंडळाच्या इतिहासात भगवानरावांनी मान्य केलेला तो एकमेव मुद्दा होता, आणि त्याचीही नोंद नव्हती.

आठवडाभर सुहासराव त्या पानाभोवती फिरत होते. ते बोलले तर नळी थांबेल, आणि थांबवणारा हात त्यांचा असेल. आई गेल्यावर ज्या बहिणीने त्यांना अकराव्या वर्षापासून वाढवले, चाळीस वर्षांपूर्वी जिने नवऱ्याशी भांडून भावाला या देशात आणले, तिचा नवरा तेच हिरावून घेतील. न बोलले तर दाजींनी आयुष्यात मनापासून मांडलेला एक विरोध सचिवाच्या नियमाखाली गाडला जाईल. सुहासरावांच्या पत्नी रचनाताई सकाळी म्हणाल्या होत्या, "अहो, सरळ सांगून टाका ना." त्यांना सोपे होते. त्या कार्यकारिणीवर नव्हत्या.

"मिस्टर जोंधळे," केलीबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचंय का? नसेल तरी हरकत नाही."

"मामा?" दीक्षा म्हणाली.

सुहासराव टेबलापाशी आले. बसले नाहीत. दहावे रजिस्टर उघडून त्यांनी ते जवळजवळ कोरे पान समोर धरले, चष्मा लावला, आणि जे लिहिलेले नव्हते ते वाचायला सुरुवात केली. त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने खरे बोलता येत नव्हते.

"आज रविवार, अठरा फेब्रुवारी. उपस्थित : दोन. अध्यक्षस्थानी कुणी नाही. लेस्टरच्या अजाबरावांच्या प्रकृतीबद्दल भगवानराव शेजवळ यांनी माहिती दिली. त्यानंतर…" त्यांचा आवाज एकदा घसरला, त्यांनी तो खाकरून जागेवर आणला. "त्यानंतर भगवानराव शेजवळ यांनी असे मत मांडले की, त्यांचे स्वतःचे तसे झाल्यास त्यांना तसे ठेवू नये. नळीने जगणे मंजूर नाही. नोंद घ्या, असे ते म्हणाले. सचिवांनी नोंद घेतली नाही. ही चूक सचिवांची आहे."

दीक्षा रडत रडत इंग्रजी करत होती. शेवटचे वाक्य तिने गाळले. केलीबाईंनी पेन खाली ठेवले.

कांताबाई भावाकडे बघत राहिल्या. त्यांनी रजिस्टर ओढून घेतले, ती एक ओळ वाचली, पान उलटले, पाठीमागे काही आहे का पाहिले. काही नव्हते.

"सहा वर्षं तू हे पोटात ठेवलंस?"

"सभा झाली नव्हती, आक्का."

"मेल्या!" असे त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की बाहेरून जाणाऱ्या नर्सने दारातून डोकावले. "सभा नव्हती! अरे, कसला सचिव तू? माणूस मरणाचं बोलतोय आणि तू मुंडकी मोजतोस?"

"हो," सुहासराव म्हणाले.

"आणि आता मोजून झाली?"

"झाली."

"आई, मामाला बोलू नको," दीक्षा म्हणाली.

"मी माझ्या भावाला बोलतेय. तू मध्ये पडू नको." कांताबाईंनी रजिस्टर मिटले. मग पुन्हा उघडले. "काय म्हणाले? नीट सांग. त्यांच्या शब्दांत सांग. तुझ्या सरकारी भाषेत नको."

"म्हणाले, माझं असं झालं तर मला असं ठेवू नका. नळीनं जगणं मला मंजूर नाही."

"'मंजूर नाही' म्हणाले?"

"हात वर करून."

"कुठला?"

"उजवा."

कांताबाईंनी रजिस्टर मिटून भावाकडे सरकवले. बाहेरची व्हॅन एव्हाना तिरकीच उभी राहिली होती आणि कुणाचे काही बिघडले नव्हते.

"त्या दिवशी घरी आले," शेवटी त्या म्हणाल्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "बूट सगळे ओले. मी म्हटलं, एवढ्या बर्फात कशाला गेला होतात, कोण आलं असेल सभेला? तर म्हणाले, कुणी नाही आलं. पण कांता, आजच्यासारखी सभा कधी झाली नाही. मी म्हटलं, कुणी न येता कसली सभा? तर नुसतेच हसले." त्यांनी केलीबाईंकडे वळून इंग्रजीत विचारले, "त्यांना दुखेल का?"

केलीबाईंनी सगळे सांगितले. घाई न करता, काही न लपवता. त्रास होऊ नये म्हणून औषधे देऊ. किती दिवस लागतील, मधे काय दिसेल, कोण जवळ राहू शकेल, सगळे. आज सही नको, त्या म्हणाल्या. आज उत्तरही नको. दुसऱ्या एका डॉक्टरचे मत घ्यायचे आहे. तोवर विचार करा.

"विचार काय करायचा?" कांताबाई म्हणाल्या. "हे तर त्यांचंच आहे. दुसऱ्या कुणाचं नाही." आणि उठल्या. पर्स खांद्याला लावली. कोट आधीच अंगात होता.

सुहासराव त्यांच्या मागून भगवानरावांच्या खोलीत गेले. आत जावे की नाही कळेना म्हणून दारातच उभे राहिले. मग पाय बदलून उभे राहिले. मग दाराला टेकले, तर दार हलू लागले, म्हणून सरळ झाले. भगवानराव पाठीशी उशा लावून पलंगावर बसवलेले होते. डोळे उघडे, खिडकीकडे. नळीचे यंत्र मधूनमधून टिकटिकत होते.

कांताबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला, त्याच्यावरून आपला हात फिरवला. अंगठ्याकडे त्यांनी पाहिले नाही. भावाकडेही पाहिले नाही. सुहासराव वाट पाहत होते. त्यांना शिव्या चालल्या असत्या. जा, तोंड दाखवू नकोस, हेही चालले असते. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पुढचा विषय काय आहे ते ठाऊक नव्हते.

कांताबाईंनी नवऱ्याची कॉलर सारखी केली. मानेमागे बोट घालून काहीतरी चाचपले, वाकून पाहिले, आणि चष्मा लावून परत पाहिले.

"सुहास."

"काय, आक्का?"

"हा स्वेटर यांचा नाही. लॉन्ड्रीत बदललाय. कुणी केनेथ आहे बघ, आत लेबल आहे." त्या हळूहळू, एक एक बाही सोडवत तो काढू लागल्या. "यांचा मरून आहे, कोपरावर रफू केलेला. जा, शोधून आण. आणि हा घडी घालून त्या केनेथला देऊन ये, त्याला थंडी वाजत असेल."